चार चेहऱ्यांचा केलबाबू

"दुसऱ्या नंबरचा केल म्हंजे जावई दिसते बे, जासूस नाई दिसत," निकेश म्हणाला. "सासरवाडीत पाहुनचाराले आल्यावानी चालते."

"आन् तुहा चौथा?" अश्वजितने चहाचा कप काउंटरवर आपटला. "नाक फुटलेलं, दाढी वाढलेली. त्याले कोन मोठ्या लोकायच्या पार्टीत घुसू देईन? जासूस कसा, चार लोकांत मिसळला पायजे."

"मार तं खाते ना थो! रक्त निघते त्याच्या आंगातून. पह्यल्याचं पाह्य, इमारतीवरून पडला तरी भांग तसाच्या तसा."

"जासूसाचा भांग मोडालेच पायजे असं कुठी लिवलं हाये?"

कुरखेड्याच्या बाजाररस्त्यावरच्या त्या अरुंद दुकानात गुलाम रसूल मिक्सरच्या भांड्याखालचे झिजलेले रबर चिमट्याने ओढत होता. त्याने मान वर केली नाही. हा वाद त्याच्या दुकानात कितीदा तरी झाला होता. केल हा परदेशी सिनेमांतला गुप्तहेर. तीसएक वर्षांपासून त्याचे सिनेमे येत होते. नट म्हातारा झाला की कंपनी नवा नट आणी आणि नाव तेच ठेवी. असे चार नट झाले. मंडपाला लाउडस्पीकर पुरवणारा निकेश आणि शाळेत कंत्राटावर शिकवणारा अश्वजित हे दोघे त्या चौघांवरून असे भांडत, जशी माणसे वाटणीवरून भांडतात.

"चाचा, तुमीच सांगा," निकेशने त्याला मध्ये ओढले. "खरा केलबाबू कोन्ता?"

रसूलने रबर उजेडात धरून पाहिले. "आवाज कोनाचा चांगला होता?"

दोघेही हसत सुटले. "आवाज तं चौघायचाबी तुमचाच होता जी!"

रसूलही हसला. साठी उलटल्यावर माणसाजवळ अशा थोड्याच गोष्टी उरतात, ज्यांच्यावर दुसरे कुणी हक्क सांगत नाही. त्याच्याजवळ ही एक होती.

"त्याचसाठी आलो," निकेश पुढे सरकला. "औंदा कोसमटोल्याच्या मंडईच्या जत्रेत शेवटचा केल दाखवाचा हाये. मी मोठं प्रोजेक्टर घेतलं. दुपारी, धानाच्या गोडाऊनात, खिडक्यायले ताडपत्री लावून. आन् आवाज बंद. तुमी सांगाचं, पह्यलेवानी."

"हिंदीत आला असन ना थो?"

"आला जी. पन गावातले म्हातारे म्हन्तेत, हिंदीतला केल आपला नाई वाटत."

"शेवटचा म्हंजे?"

निकेशने अश्वजितकडे पाहिले. उत्तर अश्वजितने दिले. "शेवटी थो मरते, चाचा. कंपनीनं आता बंदच केलं सारं."

चिमट्यातले रबर निसटून टेबलाखाली गेले.

"चुकीचं केलं त्यायनं," निकेशचा आवाज चढला. "केलबाबू मरूच शकत नाई. थो तसा मानूसच नाई."

"काऊन नाई? येवढं आयुष्य मौतीसंग खेळला. एक दिवस थे जिंकनारच ना? मले तं तेच एक खरं वाटलं साऱ्या सिनेमायमंदी."

"तुले काय समजते बे? चाचा, पडद्यावर काई बी होऊ द्या. तुमी सांगतानी त्याले जिता ठेवा."

"खोटं सांगाले लावते का चाचाले?"

"जनमभर त्यायनं खोटंच सांगतलं ना बे!"

पुन्हा हशा झाला. या वेळी रसूल हसला नाही. तो टेबलाखाली वाकून रबर शोधत राहिला, आणि ते सापडल्यावरही थोडा वेळ तसाच वाकून राहिला.

*

त्या काळी रस्ते पावसाळ्यात संपत आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होत. रसूल जीपच्या टपावर रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर बांधून, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रांतून, मंडईमागून मंडई करत फिरे. नागपूरच्या बाजारात हिंदी कॅसेटींना भाव होता. इंग्रजी कॅसेटी कुणी उचलत नसे, म्हणून त्याने त्या उचलल्या. इंग्रजी गावाला येत नव्हते आणि त्यालाही येत नव्हते. प्रत्येक सिनेमा तो आधी घरी एकदा आवाज बंद करून पाही. ओठांच्या हालचाली, दारांची उघडझाप, डोळ्यांतले भय, एवढ्यावरून कथा रची. मग गावात, टीव्हीच्या शेजारी एका पालथ्या खोक्यावर बसून, हातात माईक घेऊन ती सांगे.

त्याच्या केलबाबूला आई होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा खेड्यात ती मासे रांधून त्याची वाट पाही. प्रत्येक सिनेमाच्या शेवटी केलबाबू तिच्याकडे पोहोचे, मग पडद्यावर तो हॉटेलात कुणा गोऱ्या बाईशेजारी का बसलेला असेना. त्या बाया त्याच्या मामेबहिणी असत. चुंबनाचा प्रसंग आला की रसूल पडद्यासमोर तळहात धरी आणि माईकवर गंभीरपणे म्हणे, "जरूरी बातचीत चालू हाये." पुरुष खोकत, बाया पदरात हसत. कॅसेट बदलायला तो थांबला, की अंधारातून गाव एका आवाजात विचारी, "मंग?"

हा एक शब्द ऐकण्यासाठी तो जनरेटरचा धूर खात हिंडला, असे म्हटले तरी चालेल.

नट पहिल्यांदा बदलला तेव्हा तो कोसमटोल्यातच होता. घरी पाहताना त्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. गावाला वाटले. नाव सांगताच लोक उठून उभे राहिले. "हा कोन आला? आमचा कुठी गेला? पैसे वापस करा!" एक ढेकूळ टीव्हीच्या काचेला चाटून गेले. नट आणि माणूस वेगवेगळे असतात, हे त्या घटकेला समजावणे शक्य नव्हते, आणि त्याला ते समजावावेसेही वाटले नाही. माईक ओठांशी धरून तो म्हणाला, "हा थोच हाये. सरकारनं त्याचं तोंड बदलवलं. दुश्मनायनं ओळखू नोये म्हनून."

गर्दी थबकली. पुढच्या रांगेत एक ढिवराची बाई मांडीवर जाळे घेऊन विणत बसली होती. तिचे नाव गोकुळा. तिने विचारले, "आन् त्याची माय? थिनं कसं ओळखलं त्याले?"

"आवाजावरून, बाई."

गोकुळाने मान हलवली. तिला ते पटले, आणि तिला पटले म्हणून गावाला पटले. त्यानंतर नट दोनदा बदलले तरी कुणी ढेकूळ मारले नाही. लोक फक्त भांडत, की सरकारने या खेपेला चांगले तोंड दिले की वाईट.

गोकुळाला एकच मुलगा होता, धनराज. सीडीचे दिवस आले तेव्हा तो अंगापिंडाने भरला होता. दर बाजाराला सायकलीने कुरखेड्याला येई, रसूलकडून केलबाबूच्या सीड्या नेई आणि पुढच्या बाजाराला परत आणून देई. परत देताना एखादा प्रसंग रसूलच्याच आवाजात म्हणून दाखवी. निकेश त्याचा जिवाभावाचा मित्र. सायकलीच्या मागे बसलेला असे.

मग कुणीतरी कुणालातरी विचारले, की हा पोट्टा घडीघडी कुरखेड्याले काऊन जाते? कोनाले भेटते? त्या दिवसांत जंगलाच्या कडेच्या गावांत हा प्रश्न विचारला गेला, की त्याचे उत्तर कुणी ऐकत नसे. श्रावणातल्या एका संध्याकाळी जंगलातून हिरव्या कपड्यांतली, बंदुका घेतलेली माणसे आली. दोन गोष्टी बोलायच्या आहेत म्हणाली. धनराज त्यांच्यासोबत तलावाच्या पाळीवरून चालत गेला. सकाळी पाळीवर त्याच्या चपला सापडल्या. पोलिसांचा खबरी होता, अशी कुजबूज गावातून एकदा फिरली आणि मग कायमची थांबली. पोलिसांनी जंगल पाहिले. प्रेत मिळाले नाही.

काही बाजार उलटल्यावर गोकुळा रसूलच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर सुकटाची टोपली होती. ती तिने खाली ठेवली नाही.

"भाऊ, सरकार तोंड बदलवते म्हन्ले होते ना तुमी. खरं हाये ना थे?"

रसूलने तिच्याकडे पाहिले. विचार करायलाही त्याने वेळ घेतला नाही. "खरं हाये, बाई."

तेव्हापासून गोकुळा बाजारात एकाच जागी बसू लागली, बसस्थानकाच्या तोंडाशी. अनोळखी तरुण मुलगा दिसला की ती त्याला काहीतरी विचारी. किती वाजले, ही गाडी कुठली, पाऊस कुठवर आहे. उत्तराशी तिला देणेघेणे नसे. मुलगा बोलू लागला की ती डोळे मिटून घेई, आणि तो बोलून संपला की डोळे उघडून त्याला मूठभर सुकट देऊन टाकी.

*

मंडईच्या आधीच्या आठवड्यात गोकुळाचा नवरा इस्तारी रसूलच्या घरी आला. हातात पळसाच्या पानांत बांधलेली मरळ मासळी होती. ती त्याने रसूलच्या बायकोच्या, हाजराच्या हाती दिली आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसला. बसल्यावर बराच वेळ तो नुसता खोकत होता.

"केलबाबू मरते म्हन्ते ना औंदा?" त्याने विचारले.

"निकेशनं सांगतलं?"

"गावभर सांगून राह्यला. म्हन्ते, चाचा त्याले मरू नाई देनार."

रसूलने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"माह्या छातीचं आता काई खरं नाई, रसूलभाऊ. गडचिरोलीच्या डाक्टरनं फोटो पाहून माह्याकडे पाह्यलंच नाई. मी गेलो तं पोट्ट्याचं कोन करन? आमच्यात प्रेत नाई भेटलं तं पळसाच्या पानायचा पुतळा करतेत. डोक्याच्या जागी नारळ ठेवतेत. थ्याले जाळलं का मानूस सुटते. म्हाताऱ्यायनं केव्हाचं सांगतलं. हे बाई पानाले हात लावू देत नाई. जित्या पोराले जाळता काय, म्हन्ते."

"मी काय करू, इस्तारीभाऊ?"

इस्तारीने आपल्या पंज्यांकडे पाहिले. जाळ्याच्या दोरीने त्यांवर वर्षानुवर्षांच्या खाचा पडल्या होत्या.

"माहं नाई आयकत थे. पोलिसायचं नाई आयकलं. तुमचं आयकते. तुमी म्हन्लं तोंड बदलते, तं बदलते. तुमी म्हन्लं मेला, तं मेला."

त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. ठपका असता तर रसूलला काहीतरी बोलता आले असते. सीड्यांचा विषय इस्तारीने इतक्या वर्षांत एकदाही काढला नव्हता, आजही काढला नाही. उठताना त्याने रसूलच्या खांद्याचा आधार घेतला. तो हात रसूलला चिमणीएवढा हलका वाटला.

इस्तारी गेल्यावर हाजरा दारात आली. पळसाची ओली पाने तिच्या हातात होती.

"उस दिन आपने हाँ बोल दिया था," ती म्हणाली. "उसको भी अच्छा लगा, आपको भी."

आणि पाने टाकायला मागच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी, जुन्या शिरस्त्याप्रमाणे, रसूलने शेवटचा केल मोबाईलवर, आवाज बंद करून एकट्याने पाहिला. शेवटी एका भुयारात पाणी भरते. दार आतून धरून ठेवल्याखेरीज बाकीचे सुटत नाहीत. केल ते धरून ठेवतो. मग एका पांढऱ्या खोलीत टेबलावर त्याचे प्रेत ठेवलेले दिसते. त्याचा म्हातारा साहेब चादर बाजूला करतो आणि खूप वेळ चेहरा पाहत उभा राहतो. रसूलने ते दृश्य पुन्हा लावले. नटाने श्वास रोखलेला होता, पण त्याच्या गळ्यावरची एक शीर बारीक उडत होती. रसूलच्या मनात आले, की कथा सांगणाऱ्याला एवढी एक शीर पुरते. त्या शिरेवर बोट ठेवून तो केलला उठवू शकत होता, समुद्रापलीकडे नेऊ शकत होता, आईसमोर जेवायला बसवू शकत होता. आयुष्यभर याहून कमी आधारावर त्याने गावे रात्रभर बसवून ठेवली होती.

त्याने मोबाईल बंद केला. काळ्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसला, आणि तोही त्याला क्षणभर बदलल्यासारखा वाटला.

*

गोडाऊनात नव्या धानाचा उबट वास कोंडला होता. ताडपत्रीच्या भोकांतून उन्हाच्या बारीक सळया आत येत आणि त्यांच्यात कोंडा तरंगत राही. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. बाहेर मंडईचे पाळणे करकरत होते. गोकुळा सगळ्यांत पुढे, रिकाम्या पोत्यावर बसली होती. इस्तारी मागे भिंतीला टेकून होता. निकेशने रसूलसाठी मुद्दाम एक पालथे खोके आणून ठेवले होते.

"चाचा, माईकमंदी फुंका."

रसूलने फुंकले. बायांच्या बाजूला कुणीतरी हसले. "आवाज म्हातारा झाला जी केलबाबूचा!"

"आवाज म्हातारा झाला, मानूस तोच हाये," निकेश ओरडला, आणि सिनेमा सुरू झाला.

पहिली काही मिनिटे शब्द अडखळले. मग कुठेतरी आतली जुनी चाकोरी सापडली. केलबाबू गच्चीवरून उडी मारताना त्याने श्वास रोखला तेव्हा गोडाऊननेही रोखला. एक चुंबन आले. रसूलने तळहात उचलला, पण एवढ्या मोठ्या पडद्यापुढे तो कुठेच पुरला नाही, तेव्हा म्हाताऱ्यांनीच एकसुराने म्हटले, "जरूरी बातचीत चालू हाये!" मुलांना त्यातले काही कळले नाही, पण तीही हसली. पुरुषांत कुणी म्हणाले, हा चौथा तिसऱ्यापेक्षा बरा, याला भीती वाटते तेव्हा दिसते. निकेशने अश्वजितला कोपर मारले. अश्वजितने त्याला शिवी दिली. घटकाभर सगळे पूर्वीसारखे झाले होते.

मग भुयार आले. पाणी आले. रसूलने दार धरायला लावले, बाकीच्यांना सोडवले. पाणी छतापर्यंत चढले आणि पडदा काळा झाला.

"मंग?" गोडाऊनने विचारले.

पांढरी खोली दिसली. टेबल, चादर, म्हातारा साहेब. चादर बाजूला झाली आणि कापडाच्या पडद्यावर तो चेहरा माणसाच्या उंचीहून मोठा झाला.

रसूलने माईक ओठांपासून थोडा खाली घेतला.

"मंग?" या वेळी आवाज कमी होते.

"चाचा," मागून निकेश म्हणाला. तो प्रोजेक्टरपाशी उभा होता आणि त्याने चित्र तिथेच, चेहऱ्यावर, मागेपुढे करून खेळवत ठेवले होते. "चाचा, गळ्यावरची शीर पाहा. हालून राह्यली. सांगा ना! जिता हाये थो!"

माणसे पुढे वाकली. शीर खरोखरच उडत होती. गोकुळानेही ती पाहिली. ती पोत्यावरून गुडघ्यांवर उठली, पडद्याच्या अगदी जवळ गेली, आणि मग तिने रसूलकडे तोंड वळवले. पडद्याचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता.

"भाऊ, आता कोन्तं तोंड देते सरकार याले?"

माईक रसूलच्या हातात होता. त्याने तो खाली ठेवला. जे सांगायचे होते ते लाउडस्पीकरमधून सांगण्यासारखे नव्हते.

"सरकार तोंड नाई देत, बाई. कधीच नाई दिलं. थे चार येगळे मानसं होते. पोटासाठी आलेले नट. एक म्हातारा झाला का कंपनी दुसरा आने. मीच सांगतलं तुमाले, थोच हाये म्हनून."

गोडाऊनात कुणीतरी लहान मूल कुरकुरले आणि गप्प झाले.

"आन् हे शीर?"

"थे नटाची हाये. नट जिता हाये, त्याच्या घरी असन. केलबाबू मेला."

"चाचा!" निकेश ओरडला. त्याच्या ओरडण्यात रागापेक्षा दुसरेच काही होते. सायकलीच्या मागे बसलेला तो जुना मुलगा त्या एका शब्दात होता. प्रोजेक्टर त्याच्या हातून हलला आणि तो प्रचंड चेहरा भिंतीवरून, छतावरून, माणसांच्या डोक्यांवरून घसरत गेला.

गोकुळा हलली नाही. तिने विचारले, "घरी आनला त्याले?"

रसूलला पांढरी खोली आठवली. तो म्हातारा साहेब आठवला. खरे सांगायचे तर सिनेमात घर नव्हतेच.

"आनला," तो म्हणाला.

"मायनं पाह्यलं?"

"पाह्यलं, बाई."

"मंग बरं झालं," गोकुळा म्हणाली. तिने पोते उचलले, झटकले, त्याची नीट घडी केली आणि ती बाहेरच्या उन्हात गेली. दार उघडताच प्रोजेक्टरचे चित्र उजेडात पुसून गेले.

*

पाने तिने स्वतः तोडली. मंडईच्या तिसऱ्या दिवशी पहाटे तलावामागच्या पळसांतून ती देठासकट पाने खुडून पदरात भरताना लोकांना दिसली. कुणी मदतीला गेले नाही, कुणी अडवलेही नाही.

सती नदीच्या वाळूत म्हाताऱ्यांनी देठ मांडून माणूस केला. हात, पाय, बरगड्या. दर्भाने बांधला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि त्याला धनराजचा गमछा गुंडाळला. एका म्हाताऱ्याने हळदीत बोट बुडवले आणि नारळावर डोळे-नाक काढायला हात पुढे केला.

"राहू द्या, बाबाजी," गोकुळा म्हणाली. अशा वेळी बाया नदीवर येत नाहीत, पण तिला परत जा असे कुणी म्हटले नव्हते. "तोंड नका काढू त्याले."

म्हाताऱ्याने बोट वाळूत पुसले.

पुतळा तिरडीवर ठेवला; ती चितेपर्यंत न्यायला इस्तारी पुढे होता. मागे अश्वजित आणि एक चुलतभाऊ. चौथी बाजू मोकळी राहिली. निकेश दूर, उतारावर आपल्या मोटरसायकलीला टेकून उभा होता. गोडाऊनानंतर तो रसूलशी बोलला नव्हता. कुरखेड्यात त्याने दोन-तीन ठिकाणी सांगितले होते, की चाचाने सिनेमाचा सत्यानाश केला. इस्तारीने रसूलकडे पाहिले. रसूल पुढे झाला आणि त्याने खांदा दिला. तेवढ्यात उतारावरून पाय घसरत निकेश खाली आला. काही न बोलता त्याने अश्वजितला बाजूला केले आणि त्याची जागा घेतली.

वजन जवळजवळ नव्हतेच. चौघेही, नकळत, खऱ्या ओझ्याखाली वाकावे तसे वाकून चालत होते.

अग्नी इस्तारीने दिला. हिरवी पाने लवकर पेटली नाहीत, नुसता पांढरा धूर पाण्यावर सरपटत गेला. मग एकाएकी सारे भडकले. निकेश चितेकडे पाहत होता. तो रसूलला म्हणाला, "धन्याले पह्यलाच आवडे, चाचा. म्हने, भांग नाई मोडला पायजे."

"मले मालूम हाये," रसूल म्हणाला.

गमछा जळाला. नारळ तडकला. इस्तारी वाळूत बसला आणि खोकत राहिला, आणि त्या खोकल्यात रडणे कुठून सुरू झाले ते कुणाला कळले नाही.

पुढच्या बाजाराला रसूलने दुकान उघडले तेव्हा बसस्थानकाच्या तोंडाशी गोकुळा नेहमीच्या जागी बसलेली होती. समोर सुकटाचे ढीग होते. वडशाची गाडी आली. तिच्यातून खांद्याला पिशवी अडकवलेला एक उंच, सावळा तरुण उतरला. या भागातला वाटत नव्हता. इकडेतिकडे पाहत तो नेमका तिच्यापाशी थांबला.

रसूलच्या हातातला चिमटा थांबला.

"सुकट कशी दिली, मावशी?" मुलाने विचारले. त्याचा आवाज भरदार आणि मोकळा होता, रस्त्याच्या या बाजूलाही स्पष्ट ऐकू आला.

गोकुळाने माप उचलले, ढिगात बुडवले, आणि मान वर न करता भाव सांगितला.